सोलापूरचा मामा

रामहरीला बोलता येत नव्हतं असं नाही. करमाळ्यापासून चार कोसांवर त्याचं गाव. तिथं तो बैलाशी बोलायचा, बायकोशी बोलायचा, पारावर बसला तर चार शब्द बरे बोलायचा. पण अनोळखी माणूस समोर आला की गडी गप्प. जीभ टाळ्याला चिकटायची, कान लाल व्हायचे आणि विचारलेल्याला 'व्हय' म्हणायचं का 'न्हाय' ते त्याचं त्यालाच कळायचं नाही. आता असा माणूस नोकरीला लागावा कुठं? तर कापडाच्या दुकानात! देवालासुद्धा कधीकधी गंमत सुचते.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हाताला घट्टे पडले, तेव्हा गावच्या मास्तरांची चिठ्ठी घेऊन तो सोलापूरला आला. शिवयोगी अण्णांचं दुकान लग्नाच्या बस्त्यासाठी नावाजलेलं. पार अक्कलकोटापासून टेंभुर्णीपर्यंतची माणसं लग्नाचं कापड काढायला तिथं यायची. अण्णांनी चिठ्ठी वाचली, रामहरीला दोन प्रश्न विचारले, दोन्हींना उत्तर आलं नाही. मग त्यांनी त्याला मागच्या खोलीत घड्या घालायला बसवलं. गिऱ्हाइकापुढं उलगडलेली लुगडी मागं यायची, रामहरी त्यांची पुन्हा होती तशी घडी घालून पुढं द्यायचा. अशी घडी अख्ख्या बाजारात कुणाची नव्हती. पण घडीचं कौतुक कोण करतो? कौतुक गादीवर बसून विकणाऱ्याचं.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर अण्णांनी त्याला बोलावलं. "हे बघ रामहरी, मागं दोन माणसं मला परवडत नाहीत. या लग्नसराईत गादीवर बसून दाखव. जमलं तर कायमचा राहा. नाही जमलं तर आखाडात गावाकडं जा बाबा, माझा राग नाही."

गावाकडं जाऊन खायचं काय? चार भावांत सहा एकर कोरडवाहू, तेही खडकाळ. यशोदा, त्याची बायको, नुकतीच खोलीवर राहायला आलेली, नळाच्या पाण्याला सोकावलेली. रामहरी दिवसभर घड्या घालत बसला आणि एकही घडी सरळ आली नाही.

त्याची दया आली ती ईश्वरप्पाला. ईश्वरप्पा म्हणजे दुकानातला जुना विक्रेता. कपाळाला विभूती, तोंडात पान, आणि जिभेवर चार भाषा. अक्कलकोटकडची बाई आली की कानडीत "बर्री अक्का", पद्मशाली विणकर आला की तेलुगू, बेगमपेठेतलं गिऱ्हाईक आलं की असली दख्खनी की तेच हसायला लागायचं. धाकट्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला, "तम्मा, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू राहतात. तुझे गहू चांगले आहेत. मी शिकवतो."

आणि शिकवलं हो त्यानं, अगदी पोटच्या पोराला शिकवावं तसं. गिऱ्हाईक पायरी चढलं की 'काय पाहिजे' म्हणून विचारायचं नाही, आधी पाणी द्यायचं. मग गाव विचारायचं. गाव कळलं की त्या गावचा कुणीतरी ओळखीचा काढायचा. नसला तर शेजारच्या गावचा काढायचा. म्हाताऱ्याला आधी बसवायचं, लेकराच्या हातात चिंधी द्यायची, रुसलेल्या जावेला विचारायचं, 'तुमच्या पसंतीचं सांगा की.' पैशाबद्दल बोलायचं नाही, नात्याबद्दल बोलायचं. आणि सगळ्यात शेवटचं म्हणजे गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणायचं नाही.

रामहरी खोलीवर येऊन घोकायचा. यशोदेला गोधडीवर बसवायचा, ती गिऱ्हाईक, हा विक्रेता. "या आक्का, गाडीला गर्दी होती का?" म्हणायचा आणि ती पदर तोंडात धरून हसत सुटायची. "अवो, आक्का काय म्हंता बायकुला!" मग दोघंही हसायची. पण पंधरा दिवसांत यशोदेचं हसू थांबलं, कारण बोलणं जमायला लागलं. जीभ सुटली. आणि सुटली ती अशी सुटली की रामहरीला स्वतःचंच नवल वाटायला लागलं. लोकं त्याच्याकडं बघून हसतात, त्याच्या हातचं पाणी पितात, जाताना 'येतो रामहरी' म्हणतात! छाती फुगणार नाही तर काय होईल?

फाल्गुन संपता संपता बजाबाई आली.

टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरची विधवा बाई. चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, पायात टायरच्या चपला. बरोबर लग्नाची पोरगी वच्छला आणि शेजारची एक म्हातारी. एवढ्यांचाच बस्ता. एरवी बस्त्याला वीस-वीस माणसं येतात, दीर, जावा, मेहुणे, भांडणं, रुसवेफुगवे. या तिघी गादीच्या कडेला अशा बसल्या की जणू कुणी उठवायला येणार आहे. ईश्वरप्पा मोठ्या गिऱ्हाइकात गुंतलेला. रामहरीनं त्यांना पाणी दिलं, गाव विचारलं, टेंभुर्णीच्या बाजारातला एक बैलांचा दलाल ओळखीचा काढला. बजाबाईच्या खांद्यावरचा ताण जरा उतरला. नवरीचा शालू झाला, मानपानाची लुगडी झाली, धोतरं, टोप्या झाल्या. रामहरी यादी म्हणत म्हणत बोलून गेला, "आन मामाकडची पिवळी ऱ्हायली की आक्का!"

नवरीला पिवळं लुगडं मामानं नेसवायचं, मामानंच तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, ही आपल्याकडची रीत. बजाबाई खाली बघायला लागली. शेजारची म्हातारी म्हणाली, "तिच्या पाठीवर भाऊ न्हाय रं बाबा. पोरीला मामाच न्हाय."

आता खरं तर इथं माणसानं गप्प बसावं. चुकलो म्हणावं. जुना रामहरी असता तर कान लाल करून गप्पच बसला असता आणि देवानं त्याला तारलं असतं. पण हा नवा रामहरी. त्याला डोळ्यांपुढं दिसलं की बाईचं मन उडालं, आता ही उठणार. आणि समोर गल्ल्यावर अण्णा बघताहेत. त्याच्या तोंडातून सहज निघालं, "न्हाय कसा? मी हाय की! आक्का म्हणलं न्हाय का मी तुमाला? वच्छीचा मामा मी. घ्या, ही पिवळी मामाकडची." आणि त्यानं ठेवणीतली, जरा भारीतली पिवळी उलगडली.

बजाबाईचे डोळे भरले. तिनं ती घेतली. पैसे अर्थात तिनंच दिले. मामाकडची म्हणून आणखी एक खण घेतला, आणि मामाच्या मानाचा म्हणून फेटाही घेतला. बस्ता बांधला, वर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. पायरी उतरताना ती म्हणाली, "दादा, आखितीच्या दुसऱ्या दिवशी लगीन हाय. पोरीला तुमीच आणायचं बोहल्यावर."

"मग! दुसरं कोण आणणार?" रामहरी म्हणाला.

अण्णांनी त्या दिवशी त्याला गादीवर चहा पाठवला. गादीवर चहा म्हणजे काय ते त्या दुकानात काम केलेल्यालाच कळेल.

चैत्रात कोपऱ्याला हळद लावलेलं पोस्टकार्ड आलं, पोरीच्या हातचं अक्षर. 'मामांनी न चुकता यावे, आई वाट पाहते.' रामहरीनं ते ईश्वरप्पाला दाखवलं, जरा घाबरूनच. ईश्वरप्पा पान थुंकून हसला. "असली पत्रं मला वर्षाला पन्नास येतात तम्मा. धंद्याचं नातं आहे ते. त्यांना पण ठाऊक असतं, आपल्याला पण ठाऊक असतं. कुणी जातं का?" ते ऐकून रामहरीच्या मनावरचं ओझं उतरलं. उतरणारच. आपल्याला हवं ते दुसऱ्यानं सांगितलं की किती बरं वाटतं!

आखितीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रामहरीनं एकट्यानं तीन बस्ते काढले. बजाबाई त्याला दिवसात एकदाही आठवली नाही. तीन बस्त्यांत दोन आक्का आणि एक मावशी त्यानं नवीन केली.

बजाबाई आखाडात पुन्हा आली. या वेळी एकटीच, हातात पिशवी. लग्नसराई सरलेली, दुकान मोकळं. रामहरीनं तिला पाहिलं आणि सवयीनं हसला. हसू ओठावर असतानाच त्याला आठवलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मान खाली घालून ऐकल्या असत्या, आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती गादीच्या कडेला बसली आणि तीच ओशाळून बोलायला लागली. "दादा, माजंच चुकलं. ऐन हंगामात तुमाला सुट्टी कशी मिळंल, एवढी अक्कल मला यायला पायजे हुती." फाट्यावर तिनं बैलगाडी पाठवली होती. गाडी तीन एस्ट्या बघून रिकामी परतली. नवरी पिवळी नेसून घरात बसलेली, भटजी बाहेरून ओरडतोय, मामा आणा, मामा आणा. ती साऱ्यांना सांगतेय, सोलापूरचा माझा भाऊ येतोय, जरा थांबा. मुहूर्त टळायला आला तेव्हा गावच्या पाटलांनी पोरीला हात धरून आणलं.

"झालं लगीन, न्हाय असं न्हाय," ती म्हणाली. "पर वच्छीच्या सासरी आता तेवढंच निमित्त झालंय. भाकरी करपली की म्हंत्यात, सोलापूरच्या मामानं शिकवलं का? आन..." ती थांबली. पदर डोक्यावर नीट घेतला. "आन भावकीतल्या बाया इचारत्यात, इहिणीचा भाऊ हुता का दुसरा कोण हुता?"

रामहरीचे कान लाल झाले. गादीवर बसल्यापासून पहिल्यांदाच झाले. आपण त्या बाईला काय करून ठेवलं ते त्याला एकदम दिसलं आणि पायाखालची गादी कुणी ओढून घ्यावी तसं झालं.

"पंचमी आलीय. पहिली पंचमी, पोरगी माहेरी आणाय पायजे. मुराळी म्हणून कुणाला धाडू? तुमी एकदा नातेपुत्याला वच्छीच्या सासरी जावा दादा. चारचौघांत बसा, माजा भाऊ म्हणून च्या प्या, आन पंचमीच्या आदल्या दिशी पोरीला घिऊन या, मी टेंभुर्णीच्या स्टँडवर थांबती. त्यांची तोंडं बंद हुतील. एवढंच मागती."

रामहरीनं मान डोलावली. गल्ल्यावर अण्णांनी 'दादा' एवढं ऐकलेलं. बाई गेल्यावर ते चार माणसांपुढं म्हणाले, "बघा रे! गिऱ्हाईक बांधावं ते असं. बाई माहेर समजून येते दुकानात!" आणि तिथल्या तिथं रामहरीला कायम केलं. ज्या दिवसाची सहा महिने वाट पाहिली तो दिवस हा असा आला. ईश्वरप्पानं पाठीवर थाप मारली, तर रामहरीला वाटलं कुणी तरी थोबाडीत दिली.

खोलीवर त्यानं यशोदेला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "बाईला बहीण मानली आन घरात सांगितलं पण न्हाय. म्हंजी मानलीच नव्हती." तवा उतरवला आणि म्हणाली, "जावा. ती सांगती तसं करा." तिनं स्वतःच्या ट्रंकेतला एक खण काढून दिला. रामहरी तो हातात घेऊन बसला आणि त्याला शरमेनं रडू आलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं निघाला. टेंभुर्णी गेलं, अकलूज गेलं. गाडीत बसल्या बसल्या त्याचं मन त्याला खात होतं. एका खोट्यानं एवढं केलं, आता आणखी खोटं बोलायचं? मामा म्हणून पुन्हा मिरवायचं? नाही. आज खरंच सांगायचं. सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, बाईला मोकळं करायचं. हे ठरलं तेव्हा त्याला हलकं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

नातेपुत्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत घर होतं. वच्छलाची सासू कस्तुराबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली. बरोबर भावकीतल्या तीन-चार बाया. "आलात व्हय मामा?" ती म्हणाली. "जरा उशीरच झाला म्हणायचा यायला." बाया हसल्या. पण तिनं घोंगडं टाकलं, पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. वच्छलानं आतून पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की तिला लपवता येईना. गठुडं तिनं सकाळीच बांधून ठेवलं होतं, ते दारातूनच दिसत होतं.

चहा आला. रामहरीनं बशी खाली ठेवली आणि बोलायला लागला. ईश्वरप्पानं शिकवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे, गावाकडची जुनी अडखळती भाषा तोंडात आली. "मी मामा न्हाय, बाई. मी दुकानातला माणूस. माल खपावा म्हणून आक्का म्हणलो, मामा हाय म्हणलो. त्या भोळ्या, खरं मानून बसल्या. त्यांचं काय चुकलं न्हाय. माजं चुकलं. मला काय बी बोला, पर त्यान्ला आन पोरीला बोलू नगासा." असं म्हणून त्यानं हात जोडले. घाम फुटला होता, पण छाती मोकळी झाली होती.

कस्तुराबाईचं सूप मांडीवर तसंच राहिलं.

"म्हंजी तुमी तिचे कुणीच न्हाय?"

"न्हाय."

"आन इहीणबाईनं भर मांडवात आमाला सांगितलं, माजा भाऊ हाय म्हणून." ती हळू बोलत होती, त्यात टोमणा नव्हता. "दुकानदारानं भन म्हणलं आन तिनं भाऊ केला!" बायांत कुणीतरी फिसकन हसलं. कस्तुराबाईनं तिच्याकडं डोळे वटारले, मग रामहरीला म्हणाली, "तुमी खरं बोललात, बरं केलंत. पर आता तुमीच सांगा, परक्या बाप्याबरुबर मी तरणी सून कशी लावून दिऊ? गाव काय म्हणंल?"

रामहरीला हे सुचलंच नव्हतं. देवाशपथ, सगळ्या वाटेत एकदाही सुचलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडं बघून त्याला काय हवं ते ओळखणारा माणूस, पण बजाबाईनं तोंडानं सांगितलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं.

तो उठला. खण द्यायला म्हणून दाराशी गेला. वच्छलानं तो घेतला नाही. गठुडं तिनं आत सारलेलं होतं. ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

"आईनं तुमाला खरं बोलाय धाडलं हुतं व्हय?" ती म्हणाली. "तवा खोटं बोलून गेलासा. आता खरं बोलून चाललासा. दोनी येळंला आमीच सापडलो का तुमाला?"

ती आत गेली. मागं बाया कुजबुजायला लागल्या होत्या. खण हातात घेऊनच तो स्टँडवर आला.

परतीची गाडी टेंभुर्णीला आली तेव्हा उन्हं कलली होती. बजाबाई स्टँडवर उभी होती. चांगलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, शेजारच्या म्हातारीला बरोबर घेऊन आलेली. वस्तीवरची बैलगाडीही आणलेली, बैलांना पाणी दाखवून झाडाखाली सोडलेलं. रामहरीला ती काचेतून लांबूनच दिसली. सोलापूरपर्यंत तसंच बसून राहावं, उतरूच नये, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीसुद्धा त्याला लाज वाटली. तो उतरला.

बजाबाई हसली. "आलासा दादा," म्हणाली, आणि त्याच्या बाजूनं पुढं होऊन गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. एक म्हातारा उतरला. एक बाई लेकरू घेऊन उतरली. मग कुणी उतरलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "चढायचंय का बाई?" तिनं मान हलवली आणि दांडा धरून, टाचा उंच करून, आतल्या बाकांवर शेवटपर्यंत बघत राहिली.